पान खाली सरकतं

"झालं का मॅडम?" टेंभरेभाऊंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"झालं. पान संपलं," मी म्हटलं आणि वही मिटली.

किती ऐटीत म्हटलं होतं मी ते! पडद्यावरची शेवटची ओळ तळाशी अर्धी कापलेली होती, अक्षरांचे नुसते शेंडे दिसत होते. मला वाटलं, बनवणाऱ्याचं काहीतरी चुकलं असेल. आपल्या पुस्तकांच्या छपाईत नाही का अर्ध्या ओळी जात! मी पेनाचं टोपण लावलं, टेंभरेभाऊंना नमस्कार केला आणि सायबर कॅफेतून बाहेर पडून गावाकडची एस.टी. पकडली.

अठरा वर्षं झाली त्याला. मी तेव्हा शिक्षणसेवक होते. सांगोल्याकडची मुलगी, पाण्याचा हंडा बघत वाढलेली, आणि नेमणूक मिळाली ती थेट पूर्व विदर्भात, तळ्यांच्या मुलखात. डोंगेटोला नावाचं गाव. गाव कसलं, तळ्याच्या काठावर बसलेली साठ घरं. बहुतेक सगळी ढिवरांची, मासे आणि शिंगाडे काढणाऱ्यांची. शाळेच्या व्हरांड्यात उभं राहिलं की समोर नुसतं पाणी दिसायचं. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, मी स्वप्नात आहे आणि कुणीतरी हाक मारून उठवेल. हिवाळ्यात तर सकाळी पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळायचंच नाही. धुक्यातून एखादा डोंगा, म्हणजे खोड कोरून केलेली होडी, यायचा, तो आभाळातूनच उतरल्यासारखा वाटायचा.

अशा गावात आमच्या केंद्रप्रमुखांचं, बोपचे साहेबांचं पत्र आलं. 'मुलांसाठी विज्ञान व सुरक्षितता या विषयांवरील वीस उपयुक्त संकेतस्थळांची यादी शुक्रवारपर्यंत सादर करावी.' शाळेत संगणक होता, नाही असं नाही. प्लॅस्टिकचं कव्हर घालून, दसऱ्याचं हळदकुंकू लावून कोपऱ्यात बसवला होता. इंटरनेट मात्र बावीस किलोमीटरवर, तालुक्याला, टेंभरेभाऊंच्या दुकानात.

मी गेले. वीस पत्ते उतरवून आणले असते तर काम भागलं असतं. पण नुसत्या पत्त्यांचं माझ्या पोरांनी काय लोणचं घालायचं होतं? म्हणून मी ठरवलं, एकच चांगली साइट उतरवून आणायची. अख्खी. डिक्शनरी मांडीवर घेऊन, इंग्रजीचं मराठी करत, चित्रांसकट.

आणि खरं सांगायचं तर मी पुस्तकलासाठी गेले होते.

पुस्तकला मारबते. हसू नका, तिकडे ठेवतात असं नाव. चौथीत होती. वर्गात पहिली, पण बोलण्यात अगदी शेवटची. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीची शाळा तळ्यापलीकडे. डोंग्याने गेलं की अर्धा तास, रस्त्याने गेलं की जंगलातून नऊ किलोमीटर. सगळी पोरं डोंग्याने जायची. पुस्तकला जाणार नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ ताराचंद शिंगाडे काढताना तळ्यात बुडून गेला, तेव्हापासून तिच्या आईने, दुर्पताबाईने, तिला पाण्याला पाय लावू दिला नव्हता. ढिवराची पोर, आणि घरामागे बादलीच्या पाण्याने आंघोळ करायची!

"माही पोरगी चौथी शिकली, लय झालं जी," दुर्पताबाई मला म्हणाली होती. "मले एकच उरली."

"अहो पण इतकी हुशार मुलगी..."

"तुमाले येते का जी पोहता, मॅडमजी?"

"मला पाण्याबद्दल सगळं माहीत आहे," मी म्हटलं. "मी वाचते ना."

त्यावर ती नुसती हसली, आणि जाळं विणत राहिली.

तर त्या साइटवर एक चष्मेवाला बेडूक होता. परदेशातल्या कुणीतरी लहान मुलांसाठी बनवलेला. लाकूड का तरंगतं, खडा का बुडतो, वीज चमकताना झाडाखाली का थांबायचं नाही, असं सगळं तो एकेका पानावर सांगायचा. आणि एका पानावर तो पाण्यात उताणा पडून आभाळ बघत होता. वर लिहिलं होतं, पाण्यात पडलास तर. खाली चार गोष्टी. घाबरू नकोस, हातपाय झाडू नकोस. डोकं मागे टाक, कान पाण्यात जाऊ देत. हात पसर, पोट वर उचल. आभाळाकडे बघ आणि सावकाश श्वास घे.

एवढं उतरवलं आणि मी म्हटलं, पान संपलं.

आमची साइट दोन दिवसांत उभी राहिली. कार्डशीटवर एकेक पान. पहिलं वर्गाच्या दारावर, त्यात निळ्या खडूने शब्दांखाली रेघा. 'लाकूड' या शब्दावर बोट ठेवलं की पोराने पळत मागच्या पाण्याच्या टाकीपाशी जायचं, तिथे लाकडाचं पान. तिथे 'वीज' वर बोट ठेवलं की झेंड्याच्या खांबाकडे. पोरं बोट ठेवायची, तोंडाने 'टिक' म्हणायची आणि सुसाट सुटायची. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला आलेल्या म्हाताऱ्याही टिक करायला लागल्या. पुस्तकलाचा झिबलकाका तर चिलीम ओढत विजेच्या पानासमोर तासभर उभा राहायचा आणि म्हणायचा, "बेडूक बराबर सांगून रायला."

तरंगण्याचं पान मी व्हरांड्यात लावलं होतं. रोज दुपारी, पाढे झाले की अख्खी शाळा व्हरांड्यातल्या फरशीवर उताणी पडायची. हात पसरून, पोट वर करून, कौलांकडे बघत. "आभाळ बघा रे, आभाळ," मी म्हणायची. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पोरांच्या पोटांवर पडायचे आणि श्वासाबरोबर वरखाली व्हायचे. तळ्यावरून वारा यायचा. बदकांचा आवाज यायचा. कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा कधीकधी त्यांच्यात पडायची, आणि खाली फरशी आहे हे खरोखर विसरून जायची.

अडचण एकच, निम्मी पोरं झोपून जायची. म्हणून मी नियम केला. शाळेची घंटा म्हणजे दोरीला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर मी एक टोला दिला की प्रत्येकाने पडल्यापडल्या एक हात वर करायचा, मग उठायचं. ज्याचा हात वर नाही, तो झोपला. आणि टोला पडेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही.

पुस्तकला कधीच झोपायची नाही. टोल्यानंतर पहिला हात तिचा.

"मॅडमजी," एकदा तिने विचारलं, "खरं पाणी असंच असते काजी?"

"अगदी असंच," मी म्हणाले. कप्पाळ माझं! ज्या बाईने आयुष्यात गुडघ्यावर पाणी बघितलं नव्हतं, ती बाई सांगत होती.

फेब्रुवारीत चौथीची स्कॉलरशिपची परीक्षा आली. केंद्र तळ्यापलीकडच्या शाळेत. मी दुर्पताबाईच्या घरी चार चकरा मारल्या. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. पास झाली तर तिच्या नावाने सरकारकडून कागद येईल. झिबलकाका स्वतः डोंगा नेणार, तो तर तुमचा सख्खा दीर. शेवटी ती जाळं बाजूला ठेवून म्हणाली, "तुमच्या भरवशावर धाडून रायली जी मॅडमजी. माह्या नाही, त्या बेडकाच्या नाही. तुमच्या."

"माझ्या भरवशावर," मी म्हणाले. जिभेला हाड नव्हतं माझ्या.

परीक्षेच्या सकाळी चार पोरं डोंग्यात बसली. पुस्तकला मधोमध, दोन्ही काठ घट्ट धरून, डोळे मिटून. मी काठावरून हात हलवत राहिले. दुपारी तीनच्या सुमारास परत यायची वेळ झाली, तेव्हा दुर्पताबाई आणि मी काठावर उभ्या होतो. ऊन छान पडलं होतं. पाणी इतकं शांत की पलीकडचं जंगल उलटं होऊन आमच्या पायांपर्यंत आलं होतं. डोंगा दिसला. पोरं गात होती. पुस्तकलासुद्धा गात होती, डोंग्याच्या काठावरचा एक हात सोडून. दुर्पताबाईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा मोकळं हसू बघितलं.

"पाहा जी," ती म्हणाली, "हात सोडला पोट्टीनं."

कमळाच्या पानांच्या पट्ट्यापाशी तळ्यात एक जुनं झाड बुडालेलं होतं. झिबलकाकाला ते ठाऊक होतं, सगळ्या गावाला होतं. पण पोरांच्या गाण्याला तोही ताल धरत होता. डोंगा खोडावर घासला, एका बाजूला कलला. दोन पोरं पाण्यात. एकाला काकाने तिथल्या तिथे शेंडी धरून वर ओढलं. डोंगा गरकन फिरला. तो सावरून काका मागे बघतो, तर दुसरं पोर नाही.

दुसरं पोर म्हणजे पुस्तकला.

काकाने उडी मारली. वर आला, परत बुडी मारली. पोरं रडत होती. पाण्यावर कुठे हात नाही, डोकं नाही, फेस नाही. काही नाही. नुसती कमळाची पानं.

दुर्पताबाई लुगडं खोचून पाण्यात शिरली, छातीएवढ्या पाण्यात थांबली आणि चहूकडे बघायला लागली. जायचं कुणीकडे? "पुस्तू! ओ पुस्तू! बोल ना वं माय!" तळ्यातून तिचाच आवाज परत आला. ती वळली आणि माझ्याकडे बघून ओरडली, "हाक बी नाही मारली जी तिनं! एक हाक नाही मारली!"

मला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं. पोहता येत नाही, काठावर उभी, हातात पोरीसाठी आणलेल्या खाऊची पुडी. आणि दुर्पताबाईचं वाक्य डोक्यात फिरत होतं. हाक मारली नाही. हाक मारली नाही. पुस्तकलाला आवाज होता, आत्ता तर गात होती. मग का नाही मारली?

टोला पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

अगं आई गं. ती वाट बघतेय.

मी धावत सुटले. काठापासून शाळा शंभर पावलं, पण ती शंभर पावलं मला आजही स्वप्नात चालावी लागतात. रुळाचा तुकडा तिथेच होता, लोखंडी कांब खाली पडलेली. मी उचलली आणि जिवाच्या आकांताने टोला दिला. एकच. दुसरा द्यायला हात उचलला, आणि म्हटलं नाही, नियम एकाचा आहे.

टोला तळ्यावरून लांबवर गेला. बदकं उडाली.

आणि झिबलकाका बुड्या मारत होता त्या जागेपासून कितीतरी डावीकडे, पाण्याने हळूहळू जिकडे नेलं तिकडे, कमळाच्या पानांमधून एक हात वर आला. सरळ. वर्गात येतो तसा.

दुर्पताबाई कशी पोहत गेली ते मी सांगू शकत नाही, मला दिसतच नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने पोरीला काठावर आणलं तेव्हा पुस्तकलाचे ओठ निळे पडले होते, केसांत शेवाळ होतं. कुणीतरी घोंगडं आणलं. तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. दात वाजत होते तरी तक्रार केलीच.

"मॅडमजी, टोला लय उशिरा देल्ला जी."

मी तिला पोटाशी धरून मोठमोठ्याने रडले. गावासमोर, लाज न बाळगता.

रात्री शेकोटीपाशी तिने आईला सांगितलं म्हणे, की पाणी आधी गार होतं, मग नाही वाटलं. कानात पाणी काहीतरी बोलत होतं. काकाच्या बुड्यांचा आवाज येत होता, पण लांबून, शेजारच्या गावात कुणी धुणं आपटतंय तसा. एक पांढरा पक्षी फार वेळ वरती होता. आणि खाली फरशी नाही, हे तिला मधेच एकदा आठवलं, तेव्हा तिने पोट आणखी वर उचललं.

शनिवारी मी टेंभरेभाऊंकडे गेले. "ते बेडकाचं पान काढा," म्हटलं. पान आलं. तीच चार वाक्यं, तीच अर्धी कापलेली ओळ.

"ही ओळ अशी का हो कापलीय?"

"कापली कुठी? खाली हाये ना जी." त्यांनी माऊसच्या चाकावर बोट फिरवलं, आणि पान वर सरकलं. खालून आणखी पान आलं. "पान खाली सरकते मॅडम. तुमाले ठाव नव्हतं?"

पाचवी ओळ होती, श्वास जमला की जोरात हाक मार, मदत येईपर्यंत हाका मारत राहा. सहावी होती, याचा सराव फक्त उथळ पाण्यात कर, पोहता येणारं मोठं माणूस जवळ असताना. त्याखाली बेडूक चष्मा काढून हसत होता.

मी त्या दोन ओळी वहीत उतरवल्या. टेंभरेभाऊंनी न मागता चहा आणून ठेवला. त्याच दिवशी मी बोपचे साहेबांना यादी दिली. आधीच दोन महिने उशीर झाला होता, आणि यादीत एकच साइट. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पान शेवटपर्यंत वाचावे. ते खाली सरकते.' साहेबांनी कागद उलटून मागे बघितलं, उरलेल्या एकोणीस कुठे आहेत म्हणून.

गावात परत आले तशी सरळ दुर्पताबाईच्या अंगणात गेले. ती जाळं विणत होती. पुस्तकला शेजारी बसून सूत धरत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पान अर्धंच उतरवलं ते. हाक मारा असं खाली लिहिलं होतं ते. पोहता येत नसताना शिकवलं ते. "तुम्ही माझ्या भरवशावर पाठवलंत, आणि माझं ज्ञान अर्ध्या पानाचं होतं," म्हणाले. "माझ्यामुळे तुमची मुलगी हाक न मारता पडून राहिली."

दुर्पताबाईचे हात थांबले. ती तळ्याकडे वळली.

"हाक माराचं आमाले कोणी शिकवाले नाही लागत जी," ती हळूच म्हणाली. "माह्या ताराचंदनं लय हाका मारल्या. हात आपटले, पाय आपटले. सारं गाव आयकत होतं. आमी पोचेपर्यंत दम सरला त्याचा." तिने पदराने नाक पुसलं. "पडून राहाचं, हे कोणी नव्हतं सांगितलं त्याले. येवढंच नव्हतं सांगितलं."

पुस्तकला सूत धरून तशीच बसली होती.

"मंग आता पाचवीचं कसं करता, मॅडमजी?" दुर्पताबाईने विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं. मी काही बोलणार नाही आता."

"मी धाडीन." पुस्तकलाच्या हातातून सूत सुटलं. "डोंग्यानं धाडीन. पण एक अट हाये. बेडकानं काय म्हटलं, पोहता येणारं मोठं माणूस लागते? मी हाये ना मोठी. चला मंग पाण्यात."

"कोण? पुस्तकला?"

"ते शिकली. तुमी चला."

मी पाय मागे घेतला, ढोंग कशाला करू. पण दुर्पताबाईने माझं मनगट धरलं होतं, आणि त्या हाताने आयुष्यभर जाळी ओढली होती. काठावर बायका जमल्या. "उतरा जी मॅडम, मासोळी नाही खात तुमाले!" कुणीतरी ओरडलं. पुस्तकला म्हणाली, "आई, मी आलीच," आणि शाळेच्या दिशेने पळाली.

पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. मी दुर्पताबाईचा दंड घट्ट धरला. पाठीखाली एक तळवा आला, खरखरीत आणि ऊबदार. "डोस्कं मागं टाका," दुर्पताबाई म्हणाली. "पोट वर. हात सोडा ना जी, मले काऊन धरून बसल्या?"

मी हात सोडले. कान पाण्यात गेले, आणि बायकांचं हसणं एकदम लांब, शेजारच्या गावात गेलं. पाणी खरंच काहीतरी बोलत होतं. वर आभाळ होतं, निळं, कौलांशिवायचं. त्यात एक पांढरा पक्षी होता की नव्हता, मला सांगता येणार नाही, डोळे भरून आले होते. पाठीखालचा तळवा कधी निघून गेला तेही मला कळलं नाही. खाली फरशी नव्हती, हे मधेच आठवलं, आणि मी पोट आणखी वर उचललं.

मी हलले नाही. बोलले नाही. वाट बघत राहिले.

मग खूप लांबून, शाळेकडून, एक टोला आला. मी हात वर केला.